आतल्या जिवांची पूजा

आमच्या नांदेडच्या प्रयोगशाळेतले शिपाई मामा पेटीचं दार उघडण्याआधी टकटक करायचे. पेटी म्हणजे इन्क्युबेटर. अंगाएवढ्या उबेत तिच्यात माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या, पुढेमागे भाजलेल्या जखमेवर लावता याव्यात म्हणून. "आत कुणी आंघोळ करतंय का, मामा?" मी चिडवायचे. "जीव हायेत न्हवं? न सांगता कसं शिरावं," ते म्हणायचे.

मुदखेडहून सकाळच्या गाडीने यायचे आणि मी जेवले का ते न विचारता पेशींना खायला घातलं का ते विचारायचे. मला राग यायचा. मला तसा कशाचाही येतो.

खंडेनवमीला त्यांनी सगळी यंत्रं पुसून हळदकुंकू वाहिलं. इथवर ठीक. पण पेटीच्या आतही हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. "पूजा आतल्या जिवांची, दाराची न्हाई," हे त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी पेशी वाढवायच्या सगळ्या काचेच्या बशांत बुरशी. माझं वर्षभराचं काम मातीत गेलं. मी मामांना वाट्टेल ते बोलले आणि तक्रारीचा अर्ज लिहिला. त्यांच्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते. अर्ज पुढे गेला असता तर नोकरीच गेली असती, हे ठाऊक असूनही लिहिला. सही तेवढी होईना.

पेशी पुन्हा वाढवायला ताजी कातडी हवी. ऑपरेशनमध्ये कापून टाकायचा तुकडा मागितला तरी लोक नाही म्हणतात. आठवड्याने मामा वाकत वाकत आले, पाठीला पट्टी. कित्येक वर्षं अंगावर काढलेली पाठीवरची गाठ त्यांनी काढून घेतली होती आणि तिच्यावरचं कातडं, संमतीच्या कागदासकट, माझ्यासाठी बर्फाच्या डब्यातून आणलं होतं.

"घाण म्या केली ताई, भरून बी म्याच देतो. म्हाताऱ्याचं हाय, चालतंय का बघा."

मला रडू आवरेना. अर्ज तिथेच फाडला.

म्हाताऱ्या पेशी सावकाश वाढतात. जीव टांगणीला लागला होता, पण वाढल्या. बशीत पातळशी कातडी धरली. निरोपाच्या दिवशी मी मामांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे समदं मीच का?"

"हाव, तुम्हीच."

"अजून वाढून राहिलो की." चष्मा पुसत ते म्हणाले, "मग सायबाला सांगा, मी कुठं रिटायर झालो?"

बाहेर हार घेऊन सगळे खोळंबले होते. मामा काही स्टुलावरून उठेनात.