बोट पिकेपर्यंत

हमीद सर आधी चेहरा बघायचे नाहीत. गिटारच्या क्लासच्या दारात चपला काढल्या की डावा हात पुढे करायचा. ते अंगठ्याने आमच्या बोटांची टोकं एकेक करून दाबत, बाजारात सीताफळं निवडावीत तशी. मग निकाल. "कच्चं. हे पण कच्चं. हे जरा पिकायला लागलंय." पहिल्या दिवशी मला म्हणाले, "सीताफळाचं उलटं असतंय बेटा. ते मऊ झालं की पिकतंय, बोट कडक झालं की." कुणी माझ्याकडे टक लावून बघितलं की माझे शब्द आटतात. त्यामुळे फक्त बोटांकडे बघणारा हा माणूस मला लगेच आवडला.

दिवसभर ते शहराबाहेर चितेगावच्या एका कारखान्यात नोकरी करत. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उस्मानपुऱ्यात उतरत आणि कपड्यांच्या दुकानावरच्या खोलीत गिटार शिकवत. तरुणपणी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, म्हणून पायाने ठेका धरताना अजूनही समोर वरात असल्यासारखे खुलत. मी तेव्हा अकरावीत होते. प्रश्नाला मान हलवूनच उत्तर द्यायचे. "तुमच्या इंग्लिश शाळेत बोलायला वेगळी फी लागती का गं?" सर विचारायचे. सगळा क्लास हसायचा. मीही हसायचे, खाली बघून.

सोपे कॉर्ड पटापट आले. मग एफ आला. त्यात तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबून ठेवायची आणि उरलेल्या बोटांनी बाकीचं सांभाळायचं. माझ्या हातून नुसती खरखर निघे. माझ्यानंतर आलेली मुलं एफ लावून पुढच्या गाण्यांवर गेली आणि मी तिथेच राहिले. शाळेत मला सगळं लवकर यायचं. एखादी गोष्ट न येण्याची मला सवयच नव्हती. घरी मी गिटार कपाटाच्या मागे, नजरेला पडणार नाही अशी उभी करू लागले.

एके दिवशी ठरवूनच गेले. उद्यापासून येत नाही, हे वाक्य रस्ताभर घोकलं. हात पुढे केला. सरांनी बोट दाबलं, थांबले, आणि माझा हात नाकाशी नेला.

"तूप लावतीस व्हय?"

"आई लावते."

"रोज?"

"झोपताना. बोटं सोलली होती म्हणून. आधी कोमट पाण्यात बुडवायची, मग तूप."

सर सतरंजीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "या अल्ला! इकडं मी पिकवतोय, तिकडं तुझी आई रोज कच्चं करून पाठवतीय!" मग एकदम गंभीर झाले. "आईला सांग, पोरीवर माया करा, बोटावर नक्को. तू सांगशील का मी येऊ?"

"मी सांगते," मी म्हणाले. घोकलेलं वाक्य तसंच राहिलं.

आईला नाही म्हणणं एफपेक्षा अवघड होतं. ती वाटी घेऊन आलीच. "अगं, मुलीच्या हाताला असे घट्टे बरे दिसतात का?"

"तूप नको, आई. दुखू दे."

ती वाटी परत घेऊन गेली.

दुखलंच. केस विंचरताना दुखलं, गरम पोळी उचलताना दुखलं. क्लासमध्ये मी एफ लावला की सर विचारत, "काय वाजलं?"

"नाही वाजलं सर. ती तार..."

"मी वाजलं काय ते विचारलं. पाच वाजल्या की! एक झोपलीय. तिला उठव. पण रागावून नाय, असं कुणी उठतंय का? कोपर जरा आत घे."

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी सगळ्या तारा जाग्या झाल्या. सरांनी शाबासकी दिली नाही. बोट दाबून बघितलं, "पिकलं" म्हणाले आणि पुढचा धडा काढला.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना सरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. भेटायला गेले तर ते पलंगावर गिटार घेऊन बसले होते. शेजारी चाची, त्यांच्या पत्नी, मालिशच्या तेलाची वाटी घेऊन. सरांची तर्जनी तारांवर आडवी पडत होती, पण दाब येत नव्हता. खरखर. पुन्हा खरखर. त्यांनी गिटार बाजूला सरकवली.

"बस झालं बेटा. लई वाजवलं आयुष्यात."

मी त्यांचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्याने टोकं दाबली. लहान मुलाच्या बोटांसारखी मऊ झाली होती.

"कच्चं," मी म्हणाले. "हे पण कच्चं."

सर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग चाचींकडे वळले. "सुनी क्या? तेल मनगटापर्यंतच. बोटाला नक्को."

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. आता मी विचारायचे, "काय वाजलं?" ते म्हणायचे, "दोन." बऱ्याच रविवारांनी म्हणाले, "तीन." एखाद्या दिवशी एकही तार वाजायची नाही. तेव्हा ते माझ्या आधीच म्हणत, "आज सगळ्या झोपल्यात. झोपू दे. गिटार मात्र इथंच ठेव, हाताशी."

त्या हिवाळ्यात सर गेले. एफ पूर्ण वाजला नव्हता. शेवटच्या रविवारी मी निघाले, तर त्यांनी आपणहून डावा हात पुढे केला. मी दाबून बघितलं. तर्जनीच्या कडेला बारीकसं कडक लागलं.

"पिकायला लागलंय, सर."

"मग निघालीस कुठं?" ते म्हणाले. "गिटार दे इकडं."