ओक्दानच्या कागदी नळ्या

ओक्दानला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि तरी आमच्या किल्ल्यात तिच्याइतका लिहिलेला कागद दुसऱ्या कुणाच्या हातून गेला नसेल. राजधानीत परीक्षेला बसून नापास झालेल्यांच्या उत्तरांचे गठ्ठे दर वर्षी बैलगाडीतून उत्तर सीमेवर, दुमान नदीकाठी आमच्याकडे यायचे. अर्धे कागद थंडीसाठी शिपायांच्या कोटांत भरायचे, उरलेले ओक्दानकडे जायचे. ती त्यांना खळ लावायची, लाकडी दांडक्यावर थरावर थर घट्ट वळायची आणि मनगटाएवढी नळी करायची. नळीत दारू ठासून ती बाणाला बांधली की बाण आगीच्या जोरावर नदीपार जायचा. त्या बाणांना बत्ती देणारा गोलंदाज म्हणजे तिचाच नवरा, दोल्सू. तो सगळ्यांना सांगायचा, की नापासांची विद्यासुद्धा माझ्या बायकोच्या हाताखालून गेली की लांबवर पोचते.

मूळची ती दक्षिणेतली, चॉन्जूच्या कागद करणाऱ्यांच्या घरातली. सीमेवर वस्ती हवी म्हणून सरकारने दक्षिणेतली कुटुंबं उचलून इकडे आणून टाकली, त्यांत ही दोघं आली. पहिल्या हिवाळ्यात ती रोज रडायची. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की रडत रडत वळलेली नळी सैल होते. त्या दिवसापासून तिने रडणं सोडलं. हट्टी बाई. एकदा एखादी गोष्ट मनाने घेतली की घेतली.

तिच्यावर खरी वेळ आली ती शस्त्रांच्या कोठीवर नवा कारखानीस ग्वाक आला त्या वर्षी. माणूस वाईट नव्हता, पण उतावळा, आणि चार पुस्तकं शिकलेला, त्यामुळे कुणाचं ऐकून घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. नदी गोठली की पलीकडच्या टोळ्यांचे घोडेस्वार बर्फावरून सरळ आत घुसतात, त्याच्या आत तीनशे नळ्या तयार हव्यात असा वरून हुकूम होता. नळी सावलीत वाळायला दोन महिने लागतात, आणि नदी गोठायला उरले होते पन्नास दिवस. ग्वाकने सरळ कोठीतल्या चुली पेटवल्या, त्यांची धग भुईखालून खेळवली आणि सगळ्या नळ्या तापत्या भुईवर पसरल्या. ओक्दान म्हणाली, साहेब, बाहेरून वाळतील, आतून नाही. तो म्हणाला, कागद तो कागद, तू वळायचं बघ. ती गप्प बसली.

ते गप्प बसणं तिला महागात पडलं. चाचणीला दहा बाण लावले, त्यांतल्या तीन नळ्या बाण सोडायच्या गाडीवरच फुटल्या. दोल्सूचा डावा गाल भाजला, कान सोलवटला, एक भुवई साफ गेली. डोळा वाचला तो नशिबाने. ग्वाकने किल्लेदाराला लिहून दिलं, की वळण सैल, दोष बाईच्या हाताचा. पाचव्या दिवशी याच नळ्यांची पुन्हा चाचणी ठरली, आणि बत्ती द्यायला पुन्हा दोल्सूच.

ती घरी आली तेव्हा मोठ्या भांड्यात सोयाबीन शिजत होतं. मेजू करायचे दिवस होते ते. शिजलेलं सोयाबीन कुटून त्याच्या विटांएवढ्या ढेपा थापायच्या, पेंढ्याच्या दोरीने आढ्याला टांगून आंबवत वाळवायच्या, आणि वर्षभराची चटणी-आमटी त्यातून करायची. दोल्सू गालाला तिळाचं तेल लावून कोपऱ्यात बसला होता. एक भुवई गेली तर गेली, म्हणाला, आता मला निम्मंच रागावता येईल. तिला हसू आलं नाही. हातातली ओली ढेप घेऊन ती तशीच उभी राहिली आणि आढ्याकडे बघत राहिली.

सातव्या वर्षी आईने तिच्या हातावर चापट मारून शिकवलं होतं, की ओला मेजू तापत्या भुईवर ठेवायचा नाही. वरून कडक पापुद्रा धरतो, ओल आत कोंडते आणि आतून सडतो. किल्ल्यातल्या प्रत्येक बाईला हे ठाऊक होतं. ओक्दानला स्वतःचाच संताप आला. एवढं साधं आपल्याला माहीत होतं, आणि आपण एकदा बोलून गप्प बसलो, आणि नवऱ्याचा डोळा जाता जाता राहिला. तिने हातातली ढेप मुद्दाम तापत्या भुईवर, अगदी चुलीलगत ठेवली.

"काय करतेस? वाया जाईल ती," दोल्सू म्हणाला.

"जाऊ दे. एकच जाईल."

पाचव्या दिवशी चाचणीच्या मैदानात किल्लेदार आला, ग्वाक आला, बाणांची गाडी लागली. दोल्सू बत्ती घेऊन उभा. ओक्दान सरळ चालत गेली, एका हातात भाजीची सुरी, दुसऱ्या हातात ती ढेप. किल्लेदारापुढे गुडघे टेकून तिने ढेप मधोमध कापली. वास असा सुटला, की किल्लेदाराने नाकाला बाही लावली. मग कुणाला काही कळायच्या आत तिने गाडीवरची एक नळी ओढली आणि तीही उभी चिरली.

राजाचं शस्त्र मोडणं हा गुन्हा. ग्वाक ओरडला, शिपाई धावले.

"फटके मला मारा," ती म्हणाली, "पण आधी आत बोट घालून बघा. बाहेरून हाड झालंय आणि आत खळ ओली आहे, थर एकमेकांना धरत नाहीत, म्हणून फुटते. माझा माणूस दुसऱ्यांदा या नळ्यांपुढे उभा राहणार नाही. उभं राहायचं तर कारखानीस साहेबांनी राहावं."

किल्लेदार शेतकऱ्याच्या घरचा होता. त्याने बोट घातलं, खळ चिकटली, आंबूस वास आला. ढेपेकडे पाहिलं आणि तो समजला. ग्वाकने विचारलं, की मग पस्तीस दिवसांत तीनशे नळ्या वाळवायच्या कुठे? ओक्दानकडे उत्तर तयार होतं. किल्ल्यात घरं साठ, प्रत्येक घराच्या आढ्याला मेजू टांगलेले, खाली मंद ऊब, बायका ढेपा रोज फिरवतातच. घरटी पाच नळ्या टांगा, सावलीपेक्षा लवकर आणि आतपर्यंत वाळतील. ग्वाक म्हणाला, राजाची शस्त्रं सोयाबीनमध्ये? किल्लेदार म्हणाला, हो, सोयाबीनमध्ये.

नियम म्हणून तिला पाच फटके बसलेच. ते खाऊन ती घरी गेली नाही, कोठीत गेली. बसता येईना म्हणून उभ्याने नळ्या वळू लागली. तिसऱ्या दिवसापासून शेजारणी मदतीला आल्या. दहा दिवसांत तीनशे झाल्या आणि घरोघरी टांगल्या गेल्या. ग्वाकच्याही घरी पाच होत्या. त्या तो स्वतः फिरवायचा म्हणे, कुणी बघत नाहीसं पाहून.

नदी गोठली आणि तिसऱ्याच सकाळी घोडेस्वार आले. ओक्दान अंगणात होती, भांडी घासत. फुटणाऱ्या नळीचा आवाज आखूड असतो, दबका. उडणाऱ्या बाणाचा लांब सुसाटा. ती हात थांबवून ऐकत राहिली. एक सुसाटा उठला, शंभर बाणांचा मिळून. मग दुसरा. मग तिसरा. दबका आवाज एकही आला नाही. मग लांबून फक्त उधळलेल्या घोड्यांचा गोंगाट ऐकू आला.

दुपारी दोल्सू काळाठिक्कर होऊन आला. "सगळी नदी आमटीच्या वासाने भरली होती गं," तो म्हणाला. "त्यांना वाटलं असेल, जेवायला बोलावतायत."

तिने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. डावा डोळा पाहिला, उजवा पाहिला, उरलेल्या भुवईवरून अंगठा फिरवला. मग इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा रडली, मोठ्याने, शेजारच्यांनी ऐकावं इतकी. त्या दिवशी वळायला एकही नळी नव्हती.