टेकडीच्या स्प्रिंगा

विल्फ ऑकेंडनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली आणि त्याचं गाडी चालवायचं लायसन्स गेलं. चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात डिंग्लीच्या टेकडीवर गाडी चढवत घड्याळाशी शर्यत लावणारा माणूस, त्याला आता दूध आणायलासुद्धा बायकोच्या शेजारी बसून जावं लागणार! रागाच्या भरात त्यानं आपली शर्यतीची हिरवी एमजी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक होतं बर्मिंगहॅमचा एक दंतवैद्य. इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्या होत्या, तेवढ्या बदलून द्यायच्या ठरल्या.

गॅरेजमध्ये दोन खोकी होती. एकात कडक स्प्रिंगा, टेकडीच्या. दुसऱ्यात मऊ, बाजारहाटाच्या. इंजिन कितीही पिसाळलं तरी कडक स्प्रिंग व्हॉल्व्ह वेळेवर मिटवते, पण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनातला दांडा, लवकर झिजवते. रविवारी पबला जाणाऱ्याला तिचा काय उपयोग?

"मऊच घालतो त्या टिनपाटाला!" विल्फ गुरकावला. "दात उपटणाऱ्याला कशाला हवी टेकडी?"

"दहा वेळा सांगून झालं," त्याची बायको बेरिल म्हणाली. "चहा गार झाला तुझा."

"खड्ड्यात गेला चहा! आकडा वाच."

खोक्यात एखादी स्प्रिंग लेचीपेची निघतेच, म्हणून प्रत्येक तपासायची. ड्रिल मशीनखाली बाथरूममधला वजनकाटा, त्यावर स्प्रिंग, आणि वरून हँडल दाबायचं. काट्यावरचा आकडा विल्फला दिसत नव्हता, म्हणून तर तो जास्तच चिडला होता.

"साठ पौंड," बेरिल एकेक मऊ स्प्रिंग देत वाचत होती. "साठ. एकसष्ट."

तिनं दिलेल्या पुढच्या स्प्रिंगेला हँडल विल्फच्या हाताला जड लागलं.

"साठ," ती म्हणाली.

"साफ खोटं! नव्वदच्या वर आहे ही. माझे डोळे गेलेत, हात नाही गेले! त्या कडक खोक्यातली दिलीस ना?"

"दिली. मुकाट्यानं बसवून घेणार होते."

"आंधळ्याची थट्टा करतेस?"

"थट्टा?" आता बेरिलही भडकली. "चाळीस वर्षं त्या टेकडीखाली पावसात छत्री धरून उभी राहिले मी! तुला गाडी चढवायचीय का, असं एकदा तरी विचारलंस? आणि आता परस्पर विकून मोकळा होतोस! गाडी कुठेही जायची नाही. मी चढवणार ती."

विल्फनं हँडल सोडून दिलं.

"दुसऱ्या वळणावर घाबरशील."

"घाबरीन. तू खाली छत्री धरून उभा राहा."

त्यानं चाचपडत मऊ स्प्रिंगांचं खोकं शोधलं आणि पायानं टेबलाखाली सारलं.

"पुढची दे," तो खेकसला. "आणि आता आकडा खरा वाच."