ओवाळणीची माती

आज सकाळी बागवाल्यानं अंगणात मळी टाकली, साखर कारखान्यातलं ते काळं खत. त्याच्या आंबूस-गोड वासानं मी थेट वीसेक वर्षांपूर्वीच्या एका भाऊबीजेला जाऊन पोचले.

कसबा बावड्यातलं आमचं घर तेव्हा नवं होतं. महागडा माळी लावून मी अंगणात लॉन आणि पांढरे गोटे घालून घेतले होते. येणारे-जाणारे थांबून बघायचे. शेजारच्या सुनंदाचं अंगण मात्र नुसतं मुरमाड, आणि मला ते मनातून बरं वाटायचं.

त्या दिवशी तिच्या दारात ट्रॅक्टर थांबला. गडमुडशिंगीहून तिचा भाऊ माहेरच्या शेतातली काळी माती घेऊन आला होता, वर उसाच्या पाचटाचे, वाळल्या पाल्याचे भारे, त्यांनाही असाच आंबूस-गोड वास.

"साडी न्हाय आणलीस व्हय रं?" ती ओरडली.

"साडी फाटती की! ही आपल्या रानातली हाय. वर पाचट हातर, म्हंजे ओल टिकंल."

तिनं त्याला ट्रॉलीपाशीच ओवाळलं. मातीनं माखलेला तो लाजत उभा राहिला. माझ्या भावानं पाठवलेली पैठणी घरात कुरियरच्या पिशवीतच पडून होती. त्या उन्हात माझे पांढरे गोटे मलाच खुपायला लागले.

त्या मातीत लावलेली सुनंदाची जास्वंद आता भिंतीच्या वर गेलीय. परवा मी गोटे काढून टाकायला लावले. मघाशी बागवाल्यानं विचारलं, "काकू, काळी माती कुठली आणू?"

जास्वंदीकडं बघत मी म्हणाले, "गडमुडशिंगीची मिळते का बघ."