वाटीतली लाम्ब्रुस्को

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात आमच्या ह्यांच्या बँकवाल्या मित्राचा ग्रुपवर मेसेज आला: "वहिनी, या वेळेपासून वाइन माझ्याकडे. तुम्ही फक्त जेवणाचं बघा."

मी आधी हसले, मग चिडले. सिंगापुरातल्या बिशानचा हा फ्लॅट माझा, दिवाळीची पंगत माझी, आणि तिथे काय ओतायचं ते हे गृहस्थ ठरवणार. त्यांच्या कॉन्डोत वाइनसाठी वेगळा फ्रिज आहे. तिथे मी जेवले आहे. आधी बाटलीची वंशावळ ऐकावी लागते, मग ग्लासच्या तळाशी दोन घोट पडतात. पाहुणे ते जेवण संपेपर्यंत पुरवतात. आणखी मागायची कोणाची छाती होत नाही, आणि भावजी आग्रह करत नाहीत. इतक्या महाग वस्तूचा आग्रह करायचा तरी कसा?

मी उत्तर लिहिलं, "भावजी, नक्की या. हात हलवत या."

माझी वाइन सुपरमार्केटच्या सगळ्यात खालच्या फळीवरची. वाकताना गुडघा कुरकुरतो, पण तिथे अख्खी इटली मांडी घालून बसलेली असते: पुलियाची दाट, सिसिलीची उन्हात पिकलेली, आणि अब्रुझ्झोची, जी मटणाच्या रश्शापुढे मान खाली घालत नाही. रोमन लोकांच्याही आधीपासून तिथे द्राक्षं तुडवली जातायत. गावोगावच्या लोकांनी आपापलं द्राक्ष सोडलं नाही, आणि आपण जेवणाबरोबर ताक घेतो तशी रोजच्या भाकरतुकड्याबरोबर त्याची वाइन घेतली. ही परंपरा कुलूपबंद फ्रिजांनी टिकवली, असं मला कोणी सांगू नये.

पंगतीच्या दिवशी मी मुद्दाम लाम्ब्रुस्को आणली. एमिलियाची, लाल, फेसाळ, थंडगार प्यायची. तिकडची जुनी माणसं ती वाडग्यातून पीत, असं वाचलं होतं. माझ्याकडे वाडगे नव्हते, वाट्या होत्या. प्रत्येक पानाशी एक जास्तीची मांडली.

भावजी आले ते लांबट खोका घेऊनच. "ही उत्तर इटलीतल्या पिएमोन्तेची आहे. उघडून निदान दोन तास ठेवायची असते, वहिनी."

"ठेवा की. तोवर आम्ही जेवून घेतो."

"आणि ही दुसरी वाटी कशाला?"

"वाइनला."

त्यांनी माझ्या बाटलीकडे पाहिलं. "हे तर कोकम सोडा दिसतंय."

"कोकम सोडा तुम्ही कधी दोन घोटांवर थांबवलाय?"

माझ्या मुलीला लाज वाटली. ती तिच्या सिंगापुरी लकबीत म्हणाली, "आई, अंकलना ओतू दे ना, लाह."

"अंकलनी ओतलं तर तुझ्या बाबांना नुसता वास मिळेल," मी म्हटलं. ह्यांनी चकली तोंडात घालून तटस्थ राहणं पसंत केलं.

मग मी पदर खोचला आणि जिलबी वाढायला निघावं तशी बाटली घेऊन पंगतीत फिरले. घ्या हो, एवढीशी, माझ्यासाठी. चकली, कोथिंबीर वडी, मटण, आणि मध्ये तो थंड, आंबटगोड फेस. कोणी तिची वंशावळ विचारली नाही. वाट्या रिकाम्या होत होत्या, मी भरत होते. पिएमोन्तेची बाटली टीव्हीशेजारी उघडी, एकटीच श्वास घेत उभी होती.

फिरत फिरत भावजींपाशी आले. त्यांची वाटी केव्हाच कोरडी झाली होती. मी बाटली झुकवली, तसा त्यांनी वाटीवर पंजा धरला. "नको वहिनी, बास."

मी पंजाकडे पाहिलं. बोटं चांगली फाकलेली होती.

"हात काढा भावजी, बोटं भिजतील."

त्यांनी काढला.