बियाण्याच्या पिशवीतलं पत्रक

बीए करून काय मिळतं, असं तुम्हीही कुणाला विचारलंय ना?

बियाण्याच्या औषधाचा उग्र वास आला, की नवीन जालन्यातल्या बियाणं कंपनीतली माझी पहिली मुलाखत आठवते. इतिहास, समाजशास्त्र, मराठी हे विषय बघून साहेब हसले. "ताई, आम्ही बियाणं विकतो, कविता न्हाई!"

मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेली मी गप्प बसणार? टेबलावरच्या बियाण्याच्या पिशवीतलं पत्रक काढून मी म्हणाले, "यात सगळं हेक्टरी लिहिलंय. सरकी लावणाऱ्या आमच्या बाया एकरात बोलतात. त्यांना कुणी विचारलं?"

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. आईला सांगावं तसं मी ते पत्रक एकराच्या हिशोबात लिहिलं. चहा आणणाऱ्या मावशी ते वाचून म्हणाल्या, "आता बराबर समजून राह्यलं की!" नोकरी पक्की झाली.

तेव्हा वाटलं, भांडून जिंकले. आज कळतं, त्या विषयांनी मला माणसांचं ऐकायला शिकवलं होतं.

तुमची पोरगी बीए म्हणाली, तर हसू नका. तिच्यासोबत फॉर्म भरायला जा.