वरच्या गोलातली आई

मी घर सोडलं त्या सकाळी आई पखवाजाची कणीक खरवडत होती. आदल्या रात्री बाबांची भजनाची बारी झाली होती आणि ते आत झोपले होते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापलेली ओली कणीक सुकायच्या आत काढली नाही तर चामडं खराब होतं, त्यामुळे मला निरोप देताना आईचे दोन्ही हात पिठात होते. जवळ घेणं वगैरे झालं नाही. नखांनी कणीक काढता काढता ती म्हणाली, "पत्रां नको धाडू. माका वाचूक येणा नाय, आणि दुसऱ्याकडसून वाचून घेवक लाज वाटता. चित्रां काढून धाड." काढलेली कणीक तिने गायीला घातली, आणि मी एसटी धरली.

गावच्या वाडीतल्या, मुंबईत बोरिवलीतल्या आणि आमच्या असल्फ्याच्या टेकडीवरच्या सगळ्यांसाठी हे एकदाच लिहून टाकते आहे. गेल्या महिन्यात जो गोंधळ झाला त्याबद्दल अजून फोन येतात आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला मला वेळ नाही.

असल्फ्याला मी आत्याकडे उतरले. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात काम मिळालं. आईला पोस्टकार्डं पाठवायची. कोऱ्या बाजूवर चार चौकटी आखायच्या आणि आठवडाभरात काय झालं ते काढायचं. त्याला कॉमिक म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उत्तर म्हणून दुरुस्त्या यायच्या, गावाहून येणाऱ्या कुणाहीबरोबर, तोंडी. मी डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढतानाचं चित्र पाठवलं तर निरोप आला, "हंडो डोक्यार आसताना मान अशी रवणा नाय." आत्याची खोली काढली तर, "खिडकी काढूक इसारलंस." विसरले नव्हते. खोलीला खिडकी नव्हती. पण ते कळवलं नाही, पुढच्या कार्डात एक खिडकी काढून टाकली.

नंतर पाट्या रंगवणं बंद पडलं. मी कॉम्प्युटर शिकले, लग्न झालं, आत्या गेली, त्याच टेकडीवर आमची स्वतःची खोली झाली. या खोलीला खिडकी आहे. आता मेट्रोने मरोळला जाते. तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छापखान्यात बॅनरची डिझाइनं करते. वाढदिवस, अभिनंदन, श्रद्धांजली. बॅनरचे नियम कुठे लिहिलेले नसतात, पण ते मोडून चालत नाही. वरच्या गोलांमध्ये देव, थोर माणसं नाहीतर गेलेली माणसं. जिवंत माणसं खाली. कुणी हयात आजोबांचा फोटो कौतुकाने वरच्या गोलात टाकायला सांगितला तर मी स्पष्ट सांगते, "आजोबांना खाली घ्या, नाहीतर उद्या लोक भेटायला येतील." हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की माझी मशीनवाली सहकारी वंदना माझी नक्कल करते. वंदना मानखुर्दची. तिच्या मशीनवर दिवसभर भीमगीतं आणि माझ्या कानात डबलबारीची जुनी रेकॉर्डिंगं. मालक म्हणतो, इथे काम कमी आणि कार्यक्रम जास्त.

दिवसभर मी लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढते, सुरकुत्या पुसते, रंग उजळते. घरी येऊन ते सगळं परत घालते. ते माझं कॉमिक.

इथे जन्मलेल्या मुलांसाठी सांगते. डबलबारी म्हणजे दोन भजनीबुवा समोरासमोर. एकाने गायचं, टोला हाणायचा, दुसऱ्याने गाऊनच तो परतवायचा. बाबा एका बुवांचे पखवाजी होते. आमच्या घरी भात आणि नाचणी असायची. गव्हाचं पीठ यायचं ते फक्त पखवाजासाठी. ते आई मळायची. बारीत बायकांना जागा नसायची, म्हणून ती मांडवाबाहेर अंधारात उभी राहायची. पखवाजाचा आवाज चिरका झाला की बाबांच्या आधी तिला कळायचं की कणीक सुकली, आणि कुणाच्या तरी हाती ओला गोळा आत जायचा. माझं कॉमिकचं पुस्तक त्या गोळ्याचं आहे. बत्तीस पानं. कॉमिकमध्ये 'धडाम' आणि 'फाट' लिहितात तिथे मी पखवाजाचे बोल घातले आहेत. भजनी ठेक्याला आठ मात्रा, म्हणून पानावर आठ चौकटी. लय दुप्पट झाली की चौकट अर्धी. शेवटच्या गजराला चौकटी इतक्या बारीक होतात की डोळा पळायला लागतो. आणि कणीक सुकते त्या पानावर एकही बोल नाही. हे जमलं आहे की नाही ते मला माहीत नाही, पण मला हेच करायचं होतं. माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांबद्दल बोलतात. मी चौकटींबद्दल बोलते, म्हणून माझ्याशी फार कोणी बोलत नाही.

गेल्या महिन्यात अंधेरीला कॉमिक काढणाऱ्यांचा दोन दिवसांचा बाजार होता. मला अर्धं टेबल मिळालं. दोन दिवस आधी मुखपृष्ठ पूर्ण झालं. मधोमध पखवाज, वर एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला आई, दोघंही गोलात. बाबांच्या गोलाला झेंडूची माळ काढली, कारण ते गेले त्याला काही वर्षं झाली. मग आईच्या बाजूला रिकामं वाटायला लागलं. वजन बरोबर करायला तिच्या गोलाभोवती अबोलीचा वळेसर काढला, ती केसांत माळते तो गजरा. चित्र तोलात आलं. मी खूष.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रोत बसून ते दिगूदादाला पाठवलं. दिगूदादा म्हणजे माझा चुलतभाऊ. बोरिवलीला राहतो, आमच्या गावच्या मंडळाचा सेक्रेटरी. पुस्तकं मंडळात ठेवतो म्हणाला होता, म्हणून पाठवलं. खाली काही लिहायच्या आत मरोळ आलं. आमच्या मशीनच्या खोलीत नेटवर्क नसतं. मी मुखपृष्ठ छपाईला लावलं आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवून कामाला लागले.

जेवायच्या सुट्टीत बाहेर आले तर बरेच मिस्ड कॉल पडलेले. बघते आहे तोवर दिगूदादाच्या बायकोचा, नलूवहिनीचा फोन आला.

"सुमा, ऐकला गो. वायट झाला."

"काय ऐकलं?"

"हे गाडीचा बघूक गेलेत. तू कपडे भरून ठेव."

"कसली गाडी, वहिनी?"

ती म्हणाली, "तुका ठावक आसा मा? काकी..." आणि रडायला लागली. फोन कट झाला.

काकी म्हणजे माझी आई.

आईचा फोन लावला, बंद. तो बहुतेक वेळा बंदच असतो, पण त्या दिवशी बंद असणं वेगळं वाटलं. शेजारच्या प्रभाकाकीचा लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. प्रभाकाकी फोन कमरेला लावून फिरते, ती उचलत नाही म्हणजे काय ते मला समजलं. दिगूदादा एंगेज. मी गेटजवळ उभी होते आणि बाहेर टेम्पोवाले एकमेकांना शिव्या देत होते. रडू आलं नाही. डोक्यात यादी सुरू झाली. नवऱ्याला कळवायचं, मालकाला सांगायचं, घराची किल्ली कुणाकडे असेल, गाय कोण बघेल. मग यादीत एकदम आलं की बत्तीस पानं तयार आहेत, ती आता कुणाला दाखवायची. बाजारात लोक येतील, चाळतील, कदाचित घेतीलही. पण कणीक सुकते त्या पानावर थांबून 'इतक्या लवकर सुकणा नाय' असं म्हणणारं माणूस एकच होतं. त्या वेळी मात्र मी पायरीवर बसले.

उठून आत गेले. वंदनाला म्हटलं, "माझं छापू नकोस. आई गेली. मी निघते."

वंदनाच्या हातात पहिलाच कागद होता, मशीनमधून नुकताच आलेला. ती माझ्याकडे बघायच्या ऐवजी कागदाकडे बघत होती.

"कोणी सांगितलं?"

"वहिनीने. बोरिवलीहून."

"आणि त्यांना कोणी सांगितलं?"

"मला काय माहीत."

"ताई, हे त्यांना पाठवलंस?" तिने कागद टेबलावर ठेवला. "ही तुझी आई ना? मग वर काय करते?"

मी बघितलं. बाबा वर, आई वर. दोन गोल, दोन माळा. फोनवर एवढंसं दिसलं असतं तर अबोली कुठली आणि झेंडू कुठला. वरच्या दोन ओळी वाचायच्या आत हात जोडून पुढे पाठवायचं चित्र. ते मी असंख्य वेळा केलं आहे, पगार घेऊन.

"आजोबांना खाली घ्या," वंदना हळूच म्हणाली. चेष्टा नव्हती, तिच्या तोंडून निघून गेलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. चित्र चुकलं एवढंच कळलं होतं. आई आहे हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. चुकीचं चित्र आणि खरी बातमी एकाच दिवशी येऊ शकतात. आणि प्रभाकाकी फोन का उचलत नव्हती? वंदनाने मला बाहेर नेलं आणि माझा हात घट्ट धरून उभी राहिली. मी लावत राहिले. दिगूदादा एंगेज, प्रभाकाकी रिंग, आई बंद. पुन्हा पहिल्यापासून. वंदना म्हणाली, "पाणी पी." मी म्हटलं, "हात सोडलास तर पिईन." तिने सोडला नाही.

मग प्रभाकाकीच्या नंबरवरून फोन आला. मी उचलला.

"गो बाय," पलीकडून आईचा आवाज, "मी मेलंय असा सगळे म्हणतत. तुका कोणी सांगल्यान काय?"

मी वंदनाकडे बघून मान हलवली. तिने हात सोडला आणि आधी स्वतःच पाणी प्यायली.

"हंय माणसां भरली हत," आई सांगत होती. "माका बघल्यानी आणि खळ्यातच बसली. प्रभा सगळ्यांका घेवन इली, फोन घराक टाकून. आता इलेल्यांका चाय तरी देवक व्हयी. दूध सपला. तू रडतंस कित्याक? मी बोलतंय मा?"

मी रडत नव्हते असं मला वाटत होतं.

संध्याकाळी दिगूदादाचा फोन. तो चिडला होता, आणि बरोबरच होतं त्याचं. "अगो, खाली दोन शब्द लिवक काय झाला तुका? चित्र मंडळाच्या ग्रुपार घातलंय, गाडी ठरवून बसलंय मी. मंडळातल्यांका काय सांगू?" मग म्हणाला, "ता चित्र बदल. काकीक थंयसून काढ. असला पुस्तक मंडळात ठेवूचा नाय." तो अपशकुनाबद्दल बोलत होता. मी बॅनरवाली आहे, त्याचं म्हणणं मला पटत होतं. फाइल उघडली, आईला उचलून खाली आणलं, आणि चित्र मोडलं. बाबा एकटे वर, आई खाली उभी. मांडवाबाहेरच.

मी आईला विचारायचं ठरवलं. प्रभाकाकीने तिला फोनवर मूळ चित्र मोठं करून दाखवलं. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बापाशीच्या बाजूक बसयलंस ता बरा केलंस," ती म्हणाली. "तो होतो तेव्हा बाजूक बसूक गावला खंय. मधी पखवाज होतो." मग लगेच, "पण नाक माझा न्हय. आत्येचा काढलंस."

बघितलं तर खरंच आत्याचं नाक होतं. बारा महिने समोर असलेलं नाक हातात बसतं आणि वर्षातून आठ दिवस बघितलेलं सुटतं. हे मला त्या दिवसाच्या सगळ्या धावपळीपेक्षा जास्त लागलं.

नाक दुरुस्त केलं. आईला वरच ठेवलं, बाबांच्या ओळीत. फक्त तिचा उजवा हात गोलाच्या बाहेर काढला, माळेच्या वरून, थेट पखवाजापर्यंत, आणि हातात कणकेचा ओला गोळा दिला. बॅनरवर गोलातून हात बाहेर काढता येत नाही, गिऱ्हाईक घाबरेल. कॉमिकमध्ये येतो. हात बाहेर आला की माणूस आहे हे लहान मुलालाही कळतं. दिगूदादा अजून कुरकुरतो, पण पुस्तकं मंडळात ठेवली आहेत. अंधेरीच्या बाजारात थोडी गेली. एका मुलाने विचारलं, यातला तबला असा लांबट का आहे. उत्तर दिलं.

लोक विचारतात, गावी परत जाणार का? नाही. माझं काम मरोळला आहे, खोली असल्फ्याला आहे आणि मला दोन्ही आवडतात. वाडीत कुणाच्या घरात नवीन काय आलं हे मला आता कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि गेले तरी आठवड्याने कंटाळा येतो.

पण परवा एक पान काढलं. आठ चौकटी. आई खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसलेल्या, तिलाच भेटायला आलेल्या माणसांना चहा देते आहे, आणि सगळे कप भरलेले. प्रभाकाकीच्या फोनवर पाठवलं. या वेळी खाली चार शब्द लिहिले. दुपारी उत्तर आलं, आईचा आवाज, मागे कोंबड्या.

"चाय पुराक नाय. शेवटच्यांका काळी दिलंय. ता दाखवूक नाय तू."

मी शेवटच्या दोन चौकटी खोडून नव्याने काढल्या आणि कपांतला चहा काळा केला. तिथून दुरुस्ती येते आहे तोवर ते माझं घर आहे.